शेपटीतलं शिसं

२ फेब्रुवारी, रविवार

वारा मंद. उड्डाणं चार. सर्वांत लांबचं चौदा मिनिटं दहा सेकंद.

आमच्या ग्लायडर-मंडळाचे मास्तर म्हणाले, प्रत्येकाने उड्डाणांची वही ठेवायची, म्हणजे कुठे चुकतंय ते कळतं. मी दुकानातली जुनी मापवही उलटी करून मागच्या बाजूने सुरू केली. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या नि कंबरा, मागून माझं रिमोटवर उडणारं ग्लायडर. नोंद वर केली आहे. आता जे खरं लिहायचंय ते लिहिते. मास्तर काही ही वही मागणार नाहीत, आणि मागितली तरी देतंय कोण!

आज बाबा मैदानावर आले. अकरा वर्षं मी दर रविवारी गोदामांमागच्या मैदानात ग्लायडर उडवायला जाते, अकरा वर्षांत ते एकदाही फिरकले नव्हते. "चाललीस का खेळणं घेऊन?" एवढंच विचारायचे. तीन वर्षं ओळीने मी स्पर्धा जिंकले. तिन्ही वेळा "बरं" म्हणाले आणि खाली मान घालून चहा ढवळत बसले. आणि आज स्वतःच्या पायांनी आले. का? तर दातवालीने बोलावलं म्हणून.

दातवाली म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला दवाखाना आहे ती डेंटिस्ट. चौतिशीची असेल. मागच्या वर्षी तिने बाबांची कवळी केली. माप घेताना म्हणे बाबांनीच तिला ग्लायडरचं सांगितलं. तोंडात तो गुलाबी लगदा भरलेला असताना माणूस बोलेल कसा, पण सांगितलं खरं. झालं, बाई आली मैदानावर. सहा महिन्यांत स्वतःचं दोन मीटर पंखांचं ग्लायडर बांधलं. दात कोरायच्या हत्यारांनी फोम कोरते, आणि सांधा असा बसवते की नख लावून शोधावा लागतो. माझ्याहून चांगला. लिहून टाकलं एकदाचं.

बाबा तिला "बाळ" म्हणतात. मला सेहेचाळीस वर्षांत कधी म्हटल्याचं आठवत नाही. आज ते हसत होते, तेही तिने केलेल्या दातांनी.

९ फेब्रुवारी, रविवार

उड्डाणं तीन. तेरा मिनिटं. माझं लक्षच नव्हतं.

मागच्या रविवारी बाबांनी मला विचारलं होतं, "पंखाखाली हे दोन ठिपके कशाला गं?" मी वारा बघत होते. म्हटलं, "बाबा, आत्ता नको." यात काय चुकलं माझं? वारा थांबतो का कुणासाठी?

आज दातवालीने त्यांना तेच सांगितलं, आणि ते कसं? आधी ग्लायडर त्यांच्या दोन बोटांवर ठेवलं. बोटं बरोबर त्या दोन ठिपक्यांवर. म्हणाली, "काका, बघा. न डुलता राहिलं की तोल बरोबर. नाक जड झालं तर ते खाली जातं. पण शेपूट जड झालं तर वाईट. मग ते तोंड वर करतं, थबकतं आणि कोसळतं. कितीही अंगठा हलवा, ऐकत नाही." बाबा असे बघत होते, जणू जन्मात पहिल्यांदा काही शिकत होते. मग तिने रिमोट त्यांच्या हातात दिला, वर स्वतःचा हात ठेवला, आणि तीन मिनिटं दोघांनी मिळून उडवलं. "शाब्बास काका!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मास्तरांनी विचारलं, "ताई, बरं नाही का?" म्हटलं, उन्हामुळे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्पर्धा २३ तारखेला. नियम साधा: मोटर तीस सेकंद चालवायची, बंद करायची, मग ज्याचं जास्त वेळ वर राहील तो जिंकला. वर चढणारी गरम हवा शोधायची आणि तिच्यात घिरट्या घालायच्या. यात मला कुणी शिकवायला नको.

माझं ग्लायडर एकशे ऐंशी सेंटिमीटर पंखांचं, पण सुधारते आहे. पंखातली जुनी कांडी काढून कार्बनची पातळ कांडी बसवली. बारीक पॉलिश पेपरने पंखाची मागची कड घासली. नाकातली बॅटरी लहान केली आणि तोल परत जागेवर आणायला ती बोटभर पुढे सरकवली. बाबा वर येऊन दारात उभे राहिले. "मी धरू का काही?" मी म्हटलं, "हात लावू नका, गोंद ओला आहे." थोडा वेळ उभे राहिले आणि जिना उतरून गेले. गोंद ओला होताच. खोटं नाही सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वकिलाच्या कोटाचा मागचा घेर वर चढत होता. बाबांनी डब्यातून शिशाच्या दोन चकत्या काढून दिल्या. घेराच्या आत, अस्तराखाली टाचल्या की कोट कसा सरळ पडतो! आठ वर्षांची असताना त्यांनी मला हे दाखवलं होतं. म्हणाले होते, वजन जिथे लागतं तिथेच घालायचं, नाहीतर चांगला कोट वाकडा होतो. दोरा घसरू नये म्हणून ते प्रत्येक चकतीवर कात्रीच्या टोकाने फुली मारतात. अशा चकत्या आता कुठे मिळतही नाहीत. कोट सरळ पडला. वकील खूश झाले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे कळलं त्याने झोपेची वाट लागणार.

बाबा ग्लायडरसाठी खोळ शिवताहेत. आत मऊ कापड, मध्ये कापूस, बाहेर निळं जाड कापड, कडेला पांढरी पट्टी. दोन वर्षं झाली, डोळे दुखतात म्हणून त्यांनी सुई खाली ठेवली होती. मी एकटी रेटतेय दुकान. आणि आता तिच्यासाठी सुई हातात घेतली! मी विचारलं, "कुणासाठी?" म्हणाले, "आहे एक काम." चेहरा असा, जणू चोरी पकडली गेली.

मापाची चिठ्ठी मशीनवर पडली होती. एकशे ऐंशी लिहिलंय. तिचं ग्लायडर दोनशेचं आहे. म्हातारपणी माप चुकायला लागलं. सांगावंसं वाटलं, पण म्हटलं, नाही सांगणार. बसूच नये तिला ती खोळ. शिवा हौसेने.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहू की नको? लिहिते.

सकाळी दातवाली ग्लायडर दुकानात ठेवून गेली. बाबांना खोळीचा आकार बघायचा होता म्हणे. दुपारी बाबा आडवे झाले. दुकानात मी, आणि कापायच्या टेबलावर तिचं ग्लायडर. पांढरंशुभ्र. सांध्यांवरून बोट फिरवलं, कुठे अडलं नाही.

डबा उघडला. दोन चकत्या घेतल्या. शेपटीच्या खालच्या बाजूला जिथे तिची पांढरी चिकटपट्टी आहे, ती अलगद उचलली, ब्लेडने फोममध्ये दोन चिरा घेतल्या, चकत्या आत सरकवल्या, पट्टी परत दाबली. चार मिनिटंही लागली नसतील. सराईत हात आहेत, दुसरं काय.

कोसळावं असं माझ्या मनात नव्हतं. नुसतं डुलावं, तिला घाम फुटावा, सहा-सात मिनिटांत उतरवावं लागावं. एवढंच. ती तोल घरी बघते, मैदानावर परत बघत नाही, हे मला माहीत आहे. आणि तिला येतं उडवता. सावरेल. सोळा ग्रॅमने काय होतंय?

संध्याकाळी येऊन ती ग्लायडर घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "ताई, उद्या तुमच्याकडूनच हरायचंय मला." खवचट!

२३ फेब्रुवारी, रविवार

माझी वेळ सतरा मिनिटं चाळीस सेकंद. चौथ्या वर्षीही पहिली.



माझ्यानंतर दातवालीची पाळी होती. ती पुढे आली आणि मास्तरांना म्हणाली, "माझी पाळी काकांना देते. काका एकटे उडवणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. इस्त्रीचा शर्ट ते उगाच घालत नाहीत.

मला ओरडता आलं असतं. "थांबा" एवढं दोन अक्षरी तर म्हणायचं होतं. उडवण्याआधीच्या तपासणीसाठी मास्तर मोठ्याने सांगत होते, डावं हलवा, उजवं हलवा, वर, खाली. सगळं बरोबर हलत होतं. तोल कुणी बघितला नाही. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसले. दातवालीकडे नाही, माझ्याकडे. आणि मी गप्प बसले. आता सांगितलं तर सगळ्यांसमोर तोंड काळं होईल, हेच डोक्यात होतं.

दातवालीने ग्लायडर हातातून सोडलं. मोटर लागली. त्याने तोंड वर केलं, आणखी वर केलं, उभं राहिलं, थबकलं. "काका, खाली दाबा, खाली!" बाबांनी दाबलं. ते गोता खाऊन परत उसळलं, परत थबकलं. मग गोदामाच्या भिंतीजवळ जमिनीवर आदळलं. आवाज फार झाला नाही. फोमच तो.

बाबा रिमोट छातीशी धरून उभे. म्हणाले, "माझाच अंगठा चुकला." सगळे धावायला निघाले, तर त्यांनी हात वर केला. "मी पाडलंय, मीच उचलतो. कुणी येऊ नका." एकटे चालत गेले. शेपटीच्या तुकड्यापाशी बराच वेळ ओणवे होते. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत खिशात ठेवला. रडले की काय, दुरून दिसलं नाही.

नंतर मदतीच्या नावाखाली मी तुकडे गोळा केले. शेपूट फाटलं होतं, दोन्ही चिरा मोकळ्या. चकत्या गवतात उडाल्या असतील. जीव भांड्यात पडला. आणि पाठोपाठ स्वतःची इतकी किळस आली की बक्षीस घेताना मान वर करवेना.

वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "त्या पोरीचं नुकसान केलं मी. म्हातारपणी नसती हौस." मी "होतं असं" म्हटलं. होतं असं!

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाबा खोलीचं दार लावून खोळ शिवतात. दातवालीकडे गेले नाहीत. जेवणात लक्ष नाही. कवळी काढून वाटीत ठेवतात, गालाची हाडं वर येतात, आणि मला बघवत नाही.

दुपारी अचानक विचारलं, "वकिलाच्या कोटात किती चकत्या घातल्यास?"

"दोन."

"डब्यात आणखी दोन कमी आहेत."

"पडल्या असतील कुठेतरी."

"असतील," म्हणाले आणि सुईत दोरा ओवत बसले. दोन वर्षांत दुकानात काय आलं, काय गेलं याची चौकशी नाही, आणि आज चकत्या मोजत बसलेत. वयाने माणूस बारीकसारीक गोष्टींत अडकतो. तरी कान तापले माझे.

२ मार्च, रविवार

मैदानावर गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

तर दातवालीच आली. दुकान बंद होतं, अर्ध्या शटरखालून वाकून आत आली. म्हणाली, "ताई, काका माझा फोन घेत नाहीत. त्यांना सांगा ना, मला काही वाटलेलं नाही. फोम आहे, चिकटेल. पण त्यांनी रिमोट सोडायला नको. किती कष्टाने शिकत होते!"

मी म्हटलं, "तुमच्या नादाने शिकत होते."

ती हसली. "माझ्या? अहो, ते उडवायला शिकायचं म्हणून पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा काय म्हणाले, सांगू? म्हणाले, माझी मुलगी अकरा वर्षं आभाळाकडे बघतेय, आणि तिच्या शेजारी उभं राहून काय बघायचं तेच मला कळत नाही. तिला विचारायला जातो तर ती घाईत असते. तू शिकव, बाळ. स्पर्धेच्या दिवशी एकट्याने उडवून तिला दाखवतो."

मी कात्री टेबलावर सरळ करत राहिले. सरळच होती.

घाईत असते, म्हणाले. खेकसते म्हणाले नाहीत. बाहेरच्या माणसाजवळ मला राखून घेतलं त्यांनी. आणि मी मूर्ख, तो इस्त्रीचा शर्ट तिच्यासाठी समजत होते.

सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. ती म्हणाली, "मलाच खातंय ते. घाईत मी बॅटरी नीट बसवली नसेल. तोल तिथे परत बघायला हवा होता." आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ती गेली. सगळे एकेक करून माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत सुटलेत, आणि मी आपली गप्प.

८ मार्च, शनिवार

सकाळी बाबांनी खोळ टेबलावर ठेवली. घडी घातलेली, इस्त्री केलेली. "घे. झाली एकदाची."

"मी देऊन येऊ तिला?" मी विचारलं.

"तिला कशाला? तिचं दोनशेचं. हे एकशे ऐंशी." खोळ माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुझं माप मी चुकेन होय?"

मी खोळ उलगडली. निळ्या कापडावर त्यांचे टाके, पूर्वीसारखे बारीक नाहीत, एक-दोन तिरपे गेलेत. आतून खिसे: बॅटरीसाठी एक, मोटरच्या पात्यासाठी एक. ग्लायडरचं नाकसुद्धा बरोबर बसेल असा आकार. हे सगळं त्यांनी दार लावून, माझ्यासाठी आहे याचा सुगावा न लागू देता केलं. मी पंख घासत असताना दारात उभे होते ना, तेव्हा डोळ्यांनी माप घेत होते.

मग खालच्या कडेवरून हात फिरवला. सवय आहे, घेर तपासायची. दोन टोकांना दोन जागी जड लागलं. कापडावरून अंगठा दाबला. फुली लागली. दुसरीवर पण फुली. एका चकतीच्या वर टाक्यांत पांढऱ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा अडकला होता, तोही त्यांनी काढला नव्हता.

"वाऱ्याने उडू नये म्हणून," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. सुईत दोरा ओवत होते आणि दोरा जात नव्हता.

मी पुढे होऊन सुई घेतली, ओवून दिली. म्हटलं, "बाबा, मी..."

"मला नको सांगूस. मी ते तिथेच वेचलं, तेव्हाच कळलं मला. जिचं मोडलं तिला सांग."

दोन आठवडे! दोन आठवडे ते खिशात शिसं घेऊन "माझाच अंगठा" म्हणत फिरले. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, सेहेचाळीस वर्षांची घोडी. त्यांनी समजूत काढली नाही. फक्त माझ्या कोपराखालची खोळ ओढून बाजूला ठेवली, भिजू नये म्हणून.

९ मार्च, रविवार

उड्डाण नाही.

सांगितलं. मास्तरांसमोर, सगळ्यांसमोर. रात्रभर वाक्यं जुळवली होती, तिथे एकही आठवलं नाही. "शेपटीत शिसं मी घातलं होतं. मला तुमचा हेवा वाटत होता. बाबा तुम्हाला बाळ म्हणतात त्याचा." एवढंच आलं तोंडातून.

मास्तरांनी त्यांच्या वहीत माझ्या नावावर काट मारली आणि या वर्षीचं बक्षीस परत मागितलं. मी आणलंच होतं.

 दातवालीने विचारलं, "काकांना माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

ती जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, आता ही मैदान सोडणार. परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "दोन आठवडे मी स्वतःला शिव्या घालत होते. ते तुम्ही भरून देऊ शकणार नाही." मी म्हटलं, नाही देऊ शकणार. "शेपूट मात्र तुम्हीच जोडून द्यायचं. सांधा मला नख लावूनही सापडता कामा नये. आणि तोल मी स्वतः बघेन."

"बघा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१६ मार्च, रविवार

वारा मंद. उड्डाण एक. एक मिनिट पाच सेकंद. उडवणारे: बाबा. ग्लायडर: माझं.

दातवालीला तिचं शेपूट दिलं. तिने नख फिरवलं, तीन ठिकाणी अडलं. "इथे परत घासा," म्हणाली आणि परत दिलं. बाबा तिला म्हणाले, "बाळ, चहा आणलाय, घे." पोटात दुखलंच माझ्या. लगेच कुठे जाणार ते!

बाबांना रिमोट दिला. त्यांनी आधी ग्लायडर दोन बोटांवर धरून तोल बघितला, मग मला बघायला लावला. मग विचारलं, "हे वर दाबायचं की खाली?" पाच मिनिटांत चौथ्यांदा. जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "खाली, बाबा. हळूच." मी ग्लायडर सोडलं आणि पळत येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. दोघंही वर बघत होतो. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मिनिटभर छान गेलं. मग वळताना त्यांनी उलट्या बाजूला दाबलं आणि माझं अकरा वर्षांचं ग्लायडर नाकावर आदळून त्याचे दोन तुकडे झाले.

"माझाच अंगठा चुकला," बाबा म्हणाले.

या वेळी खरंच त्यांचा चुकला होता. मी म्हटलं, "चला बाबा, दोघं मिळून उचलू."